पोनी कार : जुन्या गाडीची पारख

पोनी कार म्हणजे लांब बॉनेट, आखूड मागचा भाग, दोन दारे आणि चौघांची बैठक असलेली अमेरिकन गाडी. प्लिमथ बाराकुडा बाजारात आधी आली, पण या वर्गाला नाव मिळाले ते १७ एप्रिल १९६४ रोजी आलेल्या फोर्ड मस्टँगच्या घोड्यावरून. शेव्हरोले कॅमारो व पाँटिअ‍ॅक फायरबर्ड (१९६७), एएमसी जॅव्हलिन (१९६८) आणि डॉज चॅलेंजर (१९७०) या पुढच्या गाड्या.

संग्राहकाने आधी पत्रा पाहावा, इंजिन नंतर. इंजिन उतरवून बांधता येते. कुजलेला सांगाडा सरळ करणे त्याहून खर्चिक. मस्टँगमध्ये वेगळी चॅसी नाही, तळाचा पत्राच भार पेलतो. पुढच्या काचेखालील हवेच्या जाळीतून आत गेलेले पाणी गंजलेल्या पन्हाळीतून थेट पायाशी गळते. जाळीवर बादलीभर पाणी ओतून गालिच्याखाली हात घालावा. ओल लागली तर वरचा पत्रा सोलूनच दुरुस्ती होते. बॅटरीखालचा पत्रा, मागच्या चाकांच्या कमानी आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या मनोऱ्यांवरील (त्यांचे वरचे टोक धरणाऱ्या पत्र्याच्या उंच भागांवरील) चिरा हीही तपासावीत. लोहचुंबक जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. छतावर व्हिनाइलचे आवरण असल्यास मागच्या काचेच्या कडेचे फुगवटे दाबून पाहावेत, त्याखाली पाणी साचून राहते.

तळ बदलताना उघड्या छताच्या गाडीत दारांच्या चौकटीत आधी तात्पुरत्या आडव्या पट्ट्या वेल्ड कराव्यात. त्या न लावता पत्रा कापला की गाडी मध्ये वाकते आणि दारे पुन्हा नीट बसत नाहीत.

किंमत ठरते ती ओळखीवर. १९६५ च्या मस्टँगचा कारखान्याने दिलेला ओळख क्रमांक ‘५एफ०९के’ असा सुरू झाला, तर ५ म्हणजे वर्ष, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०९ म्हणजे फास्टबॅक (मागे उतरत जाणाऱ्या छताची गाडी) आणि के म्हणजे २७१ अश्वशक्तीचे २८९ घनइंची इंजिन. के च्या जागी टी हे अक्षर असेल, तर गाडी मुळात सहा सिलिंडरची; आज तिच्यात व्ही-८ (आठ सिलिंडरचे इंजिन) बसवलेले असले तरी. सहा सिलिंडरच्या चाकांना चार नट असतात, व्ही-८ च्या चाकांना पाच. १९७० च्या चॅलेंजरच्या क्रमांकात पाचव्या जागी आर असले तर ती ४२६ घनइंची ‘हेमी’ इंजिनाची.

कॅमारोत सर्वाधिक फसवणूक होते. १९६७ ते १९६९ च्या क्रमांकात ‘१२४’ म्हणजे व्ही-८ एवढेच कळते, गाडी झेड/२८ ही वेगवान आवृत्ती आहे का, हे कळत नाही. त्यामुळे बिल्डशीट (गाडी बांधताना कारखान्यात वापरलेला तपशिलाचा कागद), मूळ बिल आणि इंजिनवरील शिक्के ताडून पाहावे लागतात. शिक्क्याच्या जागेवरील कारखान्यातील बारीक समांतर रेघा घासून गुळगुळीत झाल्या असतील, तर शिक्का नंतर मारलेला असण्याची शक्यता मोठी.

मस्टँग व कॅमारोचे तळ, फेंडर, दारे नव्याने बनवलेली मिळतात. जॅव्हलिनचे पत्र्याचे भाग दुर्मीळ आहेत, म्हणून ती पूर्ण, सुटे भाग न हरवलेलीच घ्यावी.