फाशांकडून पेन्सिलीकडे: भूमिका-खेळांतली पात्रं 'घडवण्या'चा इतिहास

नियमांचं पुस्तक उलटंपालटं करून त्यातून शक्य तितकं ताकदवान पात्र उभं करणं, याला टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळांत, म्हणजे प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेऊन कथा खेळतो अशा खेळांत, 'ऑप्टिमायझेशन' म्हणतात. ज्यांना ते आवडत नाही ते 'मिनमॅक्सिंग' म्हणतात आणि तो शब्द तोंड वाकडं करूनच उच्चारतात. कॉम्प्युटर गेम आणि इंटरनेट आले, तेव्हापासून खेळाडूंना ही खोड लागली, असं बरेचदा ऐकू येतं. पण ती त्याहून जुनी आहे. नियम लिहिणाऱ्यांनी खेळाडूच्या हातात जेव्हा जेव्हा नवी निवड दिली, तेव्हा तेव्हा त्याने पेन्सिल काढून हिशेब मांडला, इतकंच.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका-खेळ बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे दोघे त्याचे कर्ते. दोघेही लढायांचे पटखेळ खेळणाऱ्यांपैकी. एका डबीत तीन पुस्तिका, आणि पहिल्या छपाईच्या अवघ्या १,००० प्रती. त्यात पात्र 'घडवायचं' नव्हतंच, ते पडायचं. तीन फासे सहा वेळा टाकायचे. ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि छाप या सहा गुणांपुढे आकडे मांडायचे आणि जे वाट्याला आलं ते घेऊन भुयारात उतरायचं. शिवाय या आकड्यांचा लढाईवर फारसा परिणामही नव्हता. त्या काळात हुशारी दिसायची ती खेळताना: दहा फूट लांबीची काठी जवळ बाळगणं, दार उघडण्याआधी कान लावणं, जिंकता न येणारी लढाई टाळून खजिना पळवणं.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, 'ग्रेहॉक' ही पुरवणी आली आणि आकड्यांना किंमत आली. लढवय्याची ताकद १८ पडली, तर त्याने शतमानाचे, म्हणजे १ ते १०० आकडा देणारे, फासे वेगळे टाकायचे. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये ही उतरंड फारच तीव्र झाली. ताकद ८ असो वा १५, वार लागण्यात आणि जखमेत काहीच फरक नाही. पण '१८/००' (म्हणजे १८ आणि वर शतमानात पूर्ण १००) पडली की नेम ३ ने आणि जखम ६ ने वाढते. पॅलाडिन, म्हणजे धर्मवीर योद्धा, व्हायचं तर छाप किमान १७ हवी. तीन फाशांवर १७ किंवा १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये ४, म्हणजे चोपन्नात एक! याच पुस्तकात गायगॅक्स यांनी लिहून ठेवलं की पात्राला तग धरायचा असेल तर निदान दोन गुण १५ किंवा त्याहून वरचे हवेत. मग १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तकात चार फासे टाकून सर्वांत लहान सोडून द्यायची आणि आकडे हवे तिथे मांडायची मुभा आली. सरासरी १०.५ वरून १२.२ च्या पुढे सरकली. पण 'हवे तिथे मांडा' हे शब्द मला सरासरीपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात. पात्राची पहिली खरी निवड तिथे सुरू होते.

फासे बाजूला ठेवायचं धाडस मात्र इतरांनी आधीच केलं होतं. स्टीव्ह जॅक्सन यांच्या १९७७ च्या 'मेली'मध्ये ताकद आणि चपळाई मिळून २४ गुण असत, आणि ते खेळाडूने स्वतःच वाटायचे. १९८१ चा 'चॅम्पियन्स' हा महानायकांचा खेळ आणखी पुढे गेला. सगळं काही गुण मोजून विकत घ्यायचं. कमी पडले तर स्वतःवर अडचणी ओढवून घ्यायच्या. मागे लागलेला शत्रू, जपावी लागणारी म्हातारी मावशी, एखादी भीती, या सगळ्याचे गुण मिळत. कल्पना सुरेख होती, कारण कथेला खाद्य मिळे. पण प्रत्यक्षात कधीच आड न येणारी अडचण शोधून काढणारे खेळाडूही तेव्हाच जन्मले. १९८० सालीच ग्लेन ब्लॅको यांनी 'डिफरंट वर्ल्ड्स' या नियतकालिकात खेळण्याच्या चार तऱ्हा सांगितल्या होत्या आणि त्यांत 'पॉवर गेमिंग' ही एक स्वतंत्र तऱ्हा होती. घरोघरी इंटरनेट पोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

या सगळ्याचा मोठा स्फोट झाला तो २००० साली. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९९७ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीकडे आला होता, आणि जोनाथन ट्वीट, माँटी कुक व स्किप विल्यम्स यांनी तिसरी आवृत्ती रचली. पात्र अनुभवाने एकेक पातळी वर चढतं, त्या दर पातळीला वेगळा वर्ग (लढवय्या, जादूगार असा पेशा) घेता येऊ लागला, 'फीट' नावाची खास कौशल्यं आली, 'प्रेस्टिज क्लास' म्हणजे अटी पूर्ण केल्यावरच मिळणारे खास वर्ग आले आणि मग पुरवणीमागून पुरवणी. पुढे कुक यांनी एका लेखात मोकळेपणाने मांडलं की सगळे पर्याय सारखे उपयोगी ठेवलेच नव्हते. नियम नीट जाणणाऱ्याला त्याचं फळ मिळावं अशी रचना होती. 'टफनेस' हे त्यांचं उदाहरण. या फीटने फक्त ३ हिट पॉइंट, म्हणजे जखमा सोसण्याची तेवढीच जास्त क्षमता, मिळत. पहिल्या पातळीवरच्या नाजूक एल्फ जादूगाराला, एका बैठकीपुरत्या खेळात, तेवढेही मोलाचे. वीस पातळ्या चालणाऱ्या मोहिमेत जवळपास वाया. पुस्तकात मात्र हे कुठे सांगितलेलं नव्हतं. नवख्या खेळाडूवर हा अन्यायच होता, आणि त्याचं श्रेय किंवा दोष हिशेबी खेळाडूंना देणं मला पटत नाही.

तिथून पुढे हिशेबाची एक संस्कृतीच तयार झाली. 'पन-पन' नावाचा कोबोल्ड (या खेळातला एक बुटका, दुबळा प्राणी) कागदावर अमर्याद शक्ती मिळवून बसला. त्यासाठी २००४ च्या एका पुरवणीतल्या सर्पवंशीयांची, दुसऱ्या प्राण्याचं रूप आणि गुण बदलण्याची क्षमता वापरली होती. तो प्रत्यक्ष खेळायला नव्हताच. नियमांचं टोक कुठे आहे ते पाहण्याचा तो प्रयोग होता. टेबलावरचं खरं दुखणं वेगळं होतं: लढवय्या पायरी-पायरीने वाढे, जादूगार झेपा घेई, आणि दहाव्या पातळीच्या पुढे एकाच गटातले दोन मित्र जणू दोन वेगळे खेळ खेळत. याच काळात 'स्टॉर्मविंड फॅलसी' ही संज्ञा रुळली. पात्र आकड्यांनी पक्कं असलं म्हणजे भूमिका कच्ची असणारच, या समजुतीला दिलेलं ते नाव. सुरेल गळा आणि भावपूर्ण गाणं यांत जसं वैर नसतं, तसंच हेही.

चौथ्या आवृत्तीने २००८ मध्ये सगळ्या वर्गांना एका साच्यात बसवून समतोल साधला. २०१४ च्या पाचवीने वेगळा मार्ग धरला. गुणांना २० ची मर्यादा घातली, आणि एका वेळी एकाच जादूवर 'एकाग्रता' ठेवायचा नियम आणला. तरी पेन्सिल थांबली नाही. 'ग्रेट वेपन मास्टर' हे फीट घ्या. त्यातला सौदा असा: नेमातून ५ वजा करा, जखमेत १० मिळवा. दोन्ही हातांनी पेलायच्या तलवारीची सरासरी जखम ११ आणि वार लागण्याची शक्यता ६५ टक्के धरली, तर दर वारामागे ७.१५. सौदा केला तर २१ गुणिले ४० टक्के, म्हणजे ८.४. शत्रूचं चिलखत जाड असलं की हेच गणित उलटतं. सौदा कधी करायचा आणि कधी नाही, हे प्रत्येक फेरीला ठरवावं लागे आणि त्यातच त्याची मजा होती.

२०२४ च्या नव्या पुस्तकातून हा सौदा काढून टाकला. गुणांची वाढही आता वंशावर नाही, तर पात्राच्या पूर्वायुष्यावर अवलंबून आहे. पूर्वी दणकट लढवय्यासाठी अर्ध-ऑर्क हा वंश शोधत. आता सैनिक होता की शेतकरी, हे आधी पाहतात. शेतकऱ्याला ताकद, काटकपणा आणि शहाणपण वाढवता येतं आणि सोबत 'टफ' हे फीट मिळतं. २००० सालच्या त्या टफनेसचाच हा वारस, फक्त आता दर पातळीला २ हिट पॉइंट देणारा. विसाव्या पातळीला ते ४० होतात.