बँड डायरेक्टरचा स्मृतिगौरव (अमेरिकी हायस्कूल)

अमेरिकेतील हायस्कूलमध्ये बँड शिकवणाऱ्या शिक्षकाचे निधन झाल्यावर आजी-माजी विद्यार्थ्यांनी जमून, मुख्यतः वादनातून, त्याची आठवण जागवण्याची रीत. तिला रूढ नाव नाही की ठरलेला विधी नाही. तरी गावोगावचे कार्यक्रम एकमेकांशी बरेच मिळतेजुळते असतात.

येथे बँड म्हणजे सुषिरवाद्यांचा व तालवाद्यांचा शालेय वाद्यवृंद. शरद ऋतूत तो अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर कवायत करत वाजवतो; मोसम सरला की तीच मुले खुर्च्यांवर बसून मैफलीची तयारी करतात. पहिल्या महायुद्धानंतर असे बँड झपाट्याने वाढले. 1923 मध्ये शिकागोत पहिली राष्ट्रीय शालेय बँडस्पर्धा झाली ती वाद्यनिर्मात्यांच्या पुढाकाराने. लष्कराची मागणी ओसरल्यामुळे त्यांना नवे गिऱ्हाईक हवे होते, आणि ते शाळांत सापडले. व्यापाराच्या हिशेबातून निघालेल्या या गोष्टीला पुढे इतका जिव्हाळा चिकटावा, हे गमतीचेच.

जिव्हाळ्याचे कारण वेळापत्रकात आहे. गणिताचा किंवा इतिहासाचा शिक्षक बहुधा दरवर्षी बदलतो, बँडचा (म्हणजे बँड डायरेक्टर) हायस्कूलची चारही वर्षे तोच. लहान गावात तर पाचवी-सहावीतल्या मुलाच्या हाती पहिल्यांदा क्लॅरिनेट देणाराही तोच असतो. ऑगस्टच्या उन्हातला बँड कॅम्प म्हणजे सरावशिबिर, शुक्रवार रात्रीचे सामने, स्पर्धेहून परतताना बसमध्ये पेंगणारी मुले, हे सगळे त्याच्याच अंगावर. तीस वर्षे नोकरी झालेल्या डायरेक्टरकडे काही घरांतल्या आई आणि मुलगी दोघीही शिकलेल्या असतात.

म्हणून शोकसभा पुष्कळदा शाळेच्या सभागृहात किंवा व्यायामशाळेत होते; शंभर वादक दुसरीकडे मावणार कुठे? मुख्य आकर्षण माजी विद्यार्थ्यांचा बँड. निरोप पोहोचला की लोक माळ्यावरून वाद्यांच्या पेट्या काढतात. सॅक्सोफोनच्या किल्ल्यांखालच्या गाद्या सुकून गळायला लागलेल्या, ट्रम्पेटचे व्हॉल्व्ह अडकलेले. वाद्य दुरुस्त होते, ओठांचे मात्र काही चालत नाही: वीस वर्षे न फुंकलेल्या माणसाचे ओठ दहा मिनिटांत थकतात आणि वरचे स्वर दगा देतात. दुपारी एकच तालीम, संध्याकाळी कार्यक्रम. पन्नाशीची बाई सोळा वर्षांच्या मुलाशेजारी तिसऱ्या क्लॅरिनेटची ओळ वाजवते आणि पान कोणी उलटायचे यावर दोघांची खुसफूस होते. भाषणे होतात, पण लक्षात राहतात त्या नकला. तो शिक्षक चौथऱ्यावर वादकांना इशारे द्यायची छडी कशी आपटायचा, सुराला उतरलेल्या ट्रॉम्बोनकडे न बोलता कसा बघायचा, हे प्रत्येक पिढीला करून दाखवता येते.

काही ठिकाणी एक रचना संचालकाशिवाय वाजवतात. चौथरा रिकामा, स्टँडवर त्याची छडी. पहिला क्लॅरिनेट किंवा ओबो वाजवणारा मान किंचित उचलून श्वास घेतो, आणि त्या श्वासावर सगळे एकदम सुरू करतात. हे वाटते तितके सोपे नसते. एकमेकांचा श्वास ऐकायची सवय असली तरच साधते, आणि ती सवय त्यानेच लावलेली असते.

विद्यापीठीय बँडमध्येही अशीच भावना दिसते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील मार्चिंग बँडचे संचालक जॉर्ज पार्क्स 16 सप्टेंबर 2010 रोजी ओहायोत, बँड मिशिगनच्या दौऱ्यावर निघालेला असताना, वारले. दोन दिवसांनी ठरलेल्या सामन्यात बँड मैदानावर उतरलाच. पुढे बँडच्या नव्या इमारतीला त्यांचे नाव दिले गेले.

टिकाऊ स्मारकांत शिष्यवृत्ती आणि तालीमखोलीचे नामकरण नेहमीचे. संगीतकाराकडून नवी रचना लिहून घेण्याची प्रथा अधिक बोलकी आहे: स्वरलिपीच्या पहिल्या पानावर अर्पणपत्रिका छापली जाते, आणि ज्यांनी त्या शिक्षकाला पाहिलेही नाही अशा शाळांतली मुले ते नाव वाचून वाजवू लागतात.

नाव जपण्याची सर्वांत झगड्याची कहाणी शिकागोच्या वॉल्टर डायेट (1901–1969) यांची. ‘कॅप्टन’ म्हणून ओळखले जाणारे, शिस्तीला कडक असलेले हे शिक्षक डुसेबल हायस्कूलमध्ये बँड शिकवत. जीन अ‍ॅमन्स, जॉनी ग्रिफिन, व्हॉन फ्रीमन हे जॅझ सॅक्सोफोनवादक त्यांच्या हाताखाली तयार झाले. मृत्यूनंतर शहराच्या दक्षिण भागातील एका शाळेला त्यांचे नाव दिले गेले. 2015 मध्ये ती बंद झाली तेव्हा पालक व रहिवाशांनी 34 दिवस उपोषण केले. पुढल्या वर्षी ती कलाशाळा म्हणून पुन्हा उघडली, डायेट यांच्याच नावाने.