गाडी लोअर करायची, स्पेसर लावायचे: ठाणे-नवी मुंबईत आरटीओची परवानगी कशी मागायची?

गॅरेजमध्ये सांगतात, ‘काही होत नाही साहेब, सगळेच करतात.’ पण चलान फाटतं ते गाडीमालकाच्या नावाने. म्हणून गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगचा ॲडव्हान्स देण्याआधी आरटीओतल्या अर्जाचं बघा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीतले तपशील आणि कंपनीने मूळ ठरवून दिलेले तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे शिक्षा आहे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. स्प्रिंग हा एक बदल धरला, तर स्पेसर, म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती, हा दुसरा.

अर्ज कोणी करावा

तुमच्या मॉडेलसाठी कंपनीनेच स्पोर्ट सस्पेन्शन किंवा वेगळ्या ऑफसेटची (चाकाची मधली रेषा आणि हबला टेकणारा भाग यांतल्या अंतराची) चाकं दिली असतील आणि तसं लेखी मिळत असेल, तर अर्जाला आधार आहे. कापलेल्या स्प्रिंग आणि ‘सगळ्या गाड्यांना बसतात’ असे स्पेसर घेऊन आरटीओत जाऊ नका. कापलेली स्प्रिंग चाक पूर्ण लोंबकळलं की आपल्या जागेवरून सुटू शकते. अशी गाडी रस्त्यावर आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पेसरचा हिशेबही समजून घ्या. ४५ मिमी ऑफसेटच्या चाकामागे १५ मिमीचा स्पेसर घातला की ऑफसेट ३० मिमी होतो, दोन्ही बाजू धरून ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) ३० मिमीने वाढतो आणि व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो. मूळ स्टडवर (हबमधून बाहेर येणाऱ्या, नट बसतो त्या आटेदार दांड्यांवर) नुसता सरकवून बसवला, तर नटाला पकडायला तेवढे आटे कमी उरतात. किमान स्टडच्या जाडीइतके तरी आटे नटात गेलेच पाहिजेत, म्हणजे १२ मिमीच्या स्टडला १२ मिमी. स्पेसर हबवर घट्ट बसणारा हवा. सारा भार स्टडवर टाकणारा नको.

अर्ज कुठे आणि कसा

ठाणे शहरासाठी एमएच ०४, नवी मुंबईसाठी एमएच ४३. घोडबंदर सोडून नेरुळला राहायला गेलात आणि आरसीवर अजून जुनाच पत्ता असेल, तर आधी पत्ता बदला. त्यासाठी कायद्याने ३० दिवस दिलेले आहेत.

परिवहन संकेतस्थळावर वाहन सेवांमध्ये गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाका. आरसीला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मग वाहनातील बदलाची सेवा निवडा. फी स्क्रीनवर दिसते, ती तिथेच भरा. एजंटाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, पार्टची जीएसटी बिलं आणि कंपनीचं पत्र ठेवा. चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंटही काढून ठेवा: आकड्यांवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची, एकही आकडा पुसट राहता कामा नये. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्या, नंतर नाही.

परवानगी मिळाली तर काम करून घ्या, व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत नीट करून घ्या आणि मगच मोटार वाहन निरीक्षकांपुढे गाडी न्या. जाण्याआधी चार माणसं बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. टायर फेंडरला किंवा आतल्या लायनरला घासला, तर तिथे काळा चकचकीत पट्टा उमटतो. प्रमाणित गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच असतो. सोसायट्यांच्या गेटवरचे त्याहून उंचही भेटतात. गायमुखच्या घाटात भर पावसाळ्यात खड्डे चुकवायला जागा नसते, तेव्हा ३० मिमीने खाली आलेली गाडी पोटावर आपटते.

नोंद झाली की नवीन आरसीची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीवर एंडोर्समेंट (बदलाची नोंद) करून घ्या. न कळवलेला बदल सापडला, तर अपघाताचा क्लेम अडतो. अर्ज नामंजूर झाला, तर स्टॉक स्प्रिंग आणि मूळ बोल्टच ठेवा. बदल आधीच करून बसला असाल, तर गाडी मूळ रूपात आणून घ्या आणि फिटिंगचं बिल जपून ठेवा.