गाडी सेल्फ घेत नाहीये? बॅटरी मागवायच्या आधी हे वाचा

सकाळी आठ ते दहा आमच्या दुकानाचा फोन वाजतो तो बहुतेक एकाच वाक्यासाठी, "भाऊ, गाडी सेल्फच घेत नाहीये, नवी बॅटरी घेऊन या." आता बॅटरी आम्ही विकतोच, चार पैसे आम्हालाही सुटतात, पण नवी बसवूनही गाडी मख्ख उभी राहिली की तुम्ही पण वैतागता आणि आम्ही पण. म्हणून हा कागद छापलाय, ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवा.

आधी काच वर करा, एसी-म्युझिक बंद करा, चावी फिरवा आणि कान देऊन ऐका.

कट-कट-कट-कट असा भरभर आवाज येतोय आणि मीटरचे लाईट फडफडतायत, म्हणजे सेल्फला (इंजिन फिरवणाऱ्या मोटरला) करंट कमी पडतोय. एक तर बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनल (बॅटरीवरची वायरची जोडणी) ढिलं आहे. यावर लोक म्हणतात लाईट तर लागतोय, मग बॅटरी कशी उतरली? अहो, हेडलाईटचा एक बल्ब खातो पाचेक अँपिअर, आणि छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभरच्या वर खातो, डिझेलचा तर त्याहून जास्त. लाईट लागला म्हणजे बॅटरी ठणठणीत असं काही नसतं.

एकच खट्ट आणि मग शांत? हेडलाईट लावून परत चावी मारा. लाईट एकदम मंद झाला तर परत बॅटरी-टर्मिनलकडेच बघायचं, आणि लाईट जसाच्या तसा राहिला तर सेल्फचे कार्बन (आत घासत करंट देणारे तुकडे) किंवा सोलेनॉइड (सेल्फचा करंट चालू करणारा स्विच) गेलेत असं धरा. काहीच आवाज नाही पण लाईट झकास, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाहीये: रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच), चावीचा स्विच, क्लचखालचा स्विच. ऑटोमॅटिक गाडी असेल तर न्यूट्रलमध्ये टाकून बघा, कितीतरी वेळा तेवढ्यावरच चालू होते. बटणवाली गाडी चावी ओळखत नसेल तर चावीचा सेल संपला असेल, बऱ्याच गाड्यांत चावीच बटणाला टेकवून बटण दाबलं की काम होतं.

आणि इंजिन मस्त फिरतंय पण पकडत नाहीये, तर बॅटरीला हात लावू नका, तिची काही चूक नाही. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद घूं असा इंधनाच्या पंपाचा आवाज यायला पाहिजे. नाही आला तर आधी पंपाचा फ्यूज, मग रिले. मीटरवर चावीचं किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकतच राहिलं तर इमोबिलायझरचा (चावी ओळखून मगच गाडी चालू होऊ देणाऱ्या यंत्रणेचा) घोळ, दुसरी चावी लावून बघा.

आता टर्मिनलबद्दल जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच. सुदामानगरकडचं एक गिऱ्हाईक आलं होतं, वर्षात दोन बॅटऱ्या दुसरीकडून बदलून झालेल्या, तिसरी घ्यायला आमच्याकडे. बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर (मल्टीमीटर) लावला तर १२.५ व्होल्ट, म्हणजे चांगलीच. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला लावली आणि त्यांना सेल्फ मारायला सांगितलं, तर मीटरवर दोन व्होल्ट! तिथे पाव व्होल्टच्या वर दिसायला नको. अर्थिंगची पट्टी (बॅटरीच्या मायनसपासून इंजिनकडे जाणारी) वरून धडधाकट, रबर सोलल्यावर आत हिरवा चुरा आणि चार तारा शिल्लक. पट्टी बदलली, तीच बॅटरी अजून चालतेय.

टर्मिनलवर पांढरं-निळं खारं जमलं असेल तर खायचा सोडा आणि गरम पाणी टाकून जुन्या ब्रशने घासा, डोळ्यात उडू देऊ नका. १० नंबरचा पाना लागतो. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. वरून थोडं व्हॅसलीन.

घरी मल्टीमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला द्या. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली घसरली तर बॅटरी गेली असं समजा, अट एवढीच की आधी फुल चार्ज केलेली पाहिजे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे, तेवढं नसेल तर दोष अल्टरनेटरचा (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा), नवी बॅटरीही आठवड्यात झोपेल.

रोज चालणारी गाडी, तुम्ही गावाहून परत आल्यावरच बंद सापडते का? मग काहीतरी करंट पीत बसलंय. डिकीतला ५ वॉटचा दिवा लागलेला राहिला तर दिवसाला दहाएक अँपिअर-अवर जातात आणि छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ ची, हिशोब तुम्हीच करा. कॅमेरा, जीपीएस, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम पण बघा. पावसाळ्यात उंदीर, ते तर वायरिंगवर पोह्यांसारखे तुटून पडतात.

जंप स्टार्ट करताना लाल आधी आपल्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला, काळी त्यांच्या मायनसला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून गॅस निघतो आणि ठिणगी पडली तर फुटू शकते. चालू गाडीची बॅटरी काढून "अल्टरनेटर चेक" करणारे अजूनही भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडाला तर बॅटरीच्या कितीतरी पट बिल येतं.

फोन कराल तेव्हा तीन गोष्टी सांगा: आवाज कसा येतोय, हेडलाईट मंद होतात का, आणि बॅटरीवर छापलेला महिना-वर्ष. जमलं तर आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपला टाका, म्हणजे मुलगा निघतानाच बॅटरी घेऊन येईल का नुसता पाना, ते ठरवता येतं.