हातात पगार किती येणार? कपातीचा हिशेब आणि पुरावे नेमके कुठे अडकतात

दर जानेवारीत पगारपत्रकाच्या टेबलापाशी तीच तक्रार येते: "मी तर एप्रिलमध्येच सगळं भरून दिलं होतं, मग टीडीएस का कापला?" टीडीएस म्हणजे पगारातूनच कापला जाणारा आयकर. एप्रिलमध्ये भरतो ते डिक्लेरेशन, म्हणजे यंदा कुठे गुंतवणूक करणार याचा नुसता शब्द. कंपनी त्या शब्दावर आठ-नऊ महिने कर कमी कापते. मग पुरावे मागते आणि ते आले नाहीत तर राहिलेला सगळा कर उरलेल्या दोन-तीन पगारांतून वसूल करते. इथे दिलेले आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे आहेत. 1 एप्रिल 2026 पासूनच्या वर्षांना आयकर कायदा 2025 लागू असल्याने त्या वर्षांसाठी कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक वेगळे आहेत.

आधी साधा हिशेब. समजा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 6 लाख, म्हणजे महिना 50,000, आणि बेसिक (मूळ पगार) 25,000. या पन्नास हजारांतच कंपनीचा पीएफ 1,800, ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण 1,202 आणि मेडिक्लेमचा हप्ता, धरा 500, असं सगळं मोजलेलं असतं. ते वजा केलं की ग्रॉस, म्हणजे तुमच्या कपातीआधीचा पगार, उरतो 46,498. त्यातून तुमचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 44,498. आयकर शून्य, कारण नव्या करप्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट धरून पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत कर लागत नाही. कंपनी पीएफसाठीच्या 15,000 च्या पगारमर्यादेवर न थांबता पूर्ण बेसिकवर 12 टक्के पीएफ कापत असेल, तर दोन्ही बाजूंचे 3,000 जातात आणि हातात 42,098 येतात. ऑफर लेटरवर सही करण्याआधी ही एक गोष्ट विचाराच. नंतर विचारून काही बदलत नाही.

व्यवसाय कर फेब्रुवारीत 300 कापतात, वर्षाचे 2,500 पुरे व्हावेत म्हणून. ती चूक नव्हे. महाराष्ट्रात महिलांना महिना 25,000 पर्यंत पगारावर हा कर नाही. त्या मर्यादेतल्या कुणाच्या स्लिपवर तो दिसला, तर लगेच लेखी कळवा.

ईएसआयसी (कामगार राज्य विमा) 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांना लागू होतं. कामगाराचा वाटा 0.75 टक्के. गोंधळ होतो तो पगारवाढीनंतर. एप्रिलमध्ये पगार 20,800 होता, जूनमध्ये 22,500 झाला, तरी सप्टेंबरपर्यंत कपात चालूच राहते, कारण वर्गणीचे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे ठरलेले आहेत. पोरं भांडायला येतात, "169 रुपये उगाच कापले." उगाच नाहीत. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. कपात थांबली म्हणून कार्ड फेकून देऊ नका.

आता खरी डोकेदुखी, फॉर्म 12बीबी, म्हणजे वजावटींची मागणी पुराव्यांसह कंपनीला देण्याचा फॉर्म. मुळात हा फॉर्म जुन्या करप्रणालीवाल्यांच्याच कामाचा. तुम्ही काहीच कळवलं नाही तर कंपनी नवी प्रणाली धरते. तिथे एलआयसी, पीपीएफ, घरभाडं, मेडिक्लेम यांतलं काहीही चालत नाही. ढीगभर पावत्या जोडून आणणाऱ्याला हे सांगताना आम्हालाही वाईट वाटतं. जुनी प्रणाली हवी असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी कळवा. राहून गेलं तर रिटर्न भरताना ती निवडता येते, पण रिटर्न मुदतीत, साधारणपणे 31 जुलैपर्यंत, गेलं पाहिजे. उशिराच्या रिटर्नमध्ये हा पर्याय मिळत नाही.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते घरमालकाच्या पॅनवर. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर, म्हणजे महिना 8,333 हून अधिक असेल, तर पॅन द्यावाच लागतो. पुण्यात या भाड्यात धड वन आरके मिळत नाही, तरी मर्यादा तिथेच आहे. मालक "पॅन कशाला हवा?" म्हणून टाळतो आणि भुर्दंड भाडेकरूला. खरोखर पॅन नसलेल्या मालकाकडून नाव-पत्त्यासह तसं लेखी घ्या. भाडेकरार करतानाच पॅन मागून घ्या, कारण जानेवारीत मालक फोनही उचलत नाही.

विम्याच्या पावत्यांतही ठरलेल्या चुका होतात. आरोग्य विम्याचा हप्ता रोखीने भरला असेल तर वजावट नाही. आईवडिलांचा हप्ता तुमच्या पगारातून कापला जात असेल तर तो 80डी (आरोग्य विम्याच्या वजावटीचं कलम) मध्ये धरता येतो, पण कंपनीने स्वतःच्या खिशातून भरलेला हप्ता नाही. 1 एप्रिल 2012 नंतरच्या जीवन विमा पॉलिसीत विमा रकमेच्या 10 टक्क्यांपर्यंतचाच हप्ता मोजतात. हप्ता मार्चमध्ये देय होता पण भरला एप्रिलमध्ये, तर तो पुढच्या वर्षात गेला.

"पुराव्याला 31 मार्चपर्यंत वेळ आहे" हा समज तर कायमचाच. 31 मार्च ही गुंतवणूक करण्याची मुदत. कंपनीची पुरावे देण्याची तारीख बहुधा जानेवारीत संपते. हप्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये येणार असेल तर गेल्या वर्षीची पावती आणि यंदा भरणार असल्याचं हमीपत्र चालतं का, ते आधी विचारून घ्या. तारीख हुकली तरी पैसे बुडत नाहीत, रिटर्नमध्ये मागता येतात. फक्त तोवर हात आखडता ठेवावा लागतो.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्यांनी नव्या कंपनीला फॉर्म 12बी, म्हणजे आधीच्या नोकरीतल्या पगाराची माहिती, द्यायलाच हवा. एकाला सप्टेंबरपर्यंत 90,000 आणि ऑक्टोबरपासून 1,30,000 पगार होता असं धरा. दोन्हीकडे स्वतंत्रपणे पाहिलं तर कर शून्य, म्हणून कुणीच कापला नाही. एकूण पगार झाला 13 लाख 20 हजार. प्रमाणित वजावटीनंतर 12 लाख 45 हजार. सीमांत सवलत (12 लाखांच्या वरच्या उत्पन्नापेक्षा कर जास्त होऊ नये म्हणून मिळणारी सूट) धरूनही 45,000 कर आणि उपकर मिळून 46,800 एकदम भरायचे, वर व्याज. जुन्या कंपनीला पगार कळेल या संकोचापायी लोक हा फॉर्म देत नाहीत. तो जातो नव्या कंपनीकडे, जुनीला त्यातलं काही कळत नाही.

पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर वरचे सगळे स्लॅब बाजूला राहतात आणि करपात्र पगारावर किमान 20 टक्के दराने कपात होते. ते आजच तपासा. फॉर्म 16, म्हणजे कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला, जूनच्या मध्यापर्यंत मिळतो. हातात आला की त्यातली टीडीएसची रक्कम 26एएसशी, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या करजमेच्या नोंदीशी, आणि बारा स्लिपांच्या बेरजेशी ताडून पाहा. फरक दिसला तर रिटर्न भरण्याआधी कंपनीकडून दुरुस्त करून घ्या.