नागपूरची परसबाग: राजाच्या बागेपासून गच्चीवरच्या कुंडीपर्यंत

नागपूर म्हटलं की संत्रं आठवतं आणि भाजी मागे राहते. खरं तर हे शहर बागांसोबतच वाढलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने ते वसवलं. पुढे भोसल्यांच्या काळात तलाव आणि बागा झाल्या. महाराजबाग, तेलंगखेडी, तुळशीबाग ही नावं तेव्हाचीच. महाराजबागेच्या परिसरात पुढे शेतीचं शिक्षण आलं. १९०६ चं कृषी महाविद्यालय आजही तिथेच आहे.

घरोघरची भाजी मात्र मोरीच्या पाण्यावर वाढली. घरामागे पाणी मुरायचं तिथे अळू आणि केळ, कुंपणाला मुंगना म्हणजे शेवगा, मांडवावर वाल, दोडका नाहीतर कोहळ्याचा वेल. पहिल्या पावसाला टाकलेली चवळी, अंबाडी, भेंडी पोळ्यापर्यंत हाताशी यायची. तरोटा आणि घोळ तर पेरावेही लागत नसत. या झाडांची निवड बायकांनी केली होती आणि ती किती जाणती होती, हे विज्ञानाने विसाव्या शतकात सांगितलं.

१९२८ मध्ये डॉ. लुसी विल्स मुंबईत आल्या. गिरणीकामगार बायकांना गरोदरपणी होणाऱ्या एका गंभीर रक्तक्षयाचं कारण त्या शोधत होत्या. यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइटने तो बरा होतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक घटक वेगळा काढण्यात आला, तो म्हणजे फोलिक ॲसिड. या रक्तक्षयावरचा उतारा हाच होता. आज गरोदर बाईला दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळीत लोहासोबत तेच असतं. मधल्या काळात, नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजी जेवणात कच्ची हिरवी पानं घेऊन पाहत होते. १९३५ च्या ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यांनी त्यावर लिहिलंही.

रातांधळेपणाची गोष्टही पानांपाशीच येते. मुंगन्याच्या पाल्यात बीटा-कॅरोटीन भरपूर असतं आणि शरीर त्याचं अ जीवनसत्त्व करतं; तेच कमी पडलं की रातांधळेपणा येतो. ते अंगी लागायला थोडी चरबी लागते, म्हणून पाल्याच्या भाजीवरची तेलाची फोडणी नुसती चवीपुरती नसते. १९७० पासून सरकारने लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस द्यायला सुरुवात केली. ते गरजेचेच होते. तरी दारात मुंगना असून त्याच्या फक्त शेंगा खाऊन पाला टाकून द्यावा, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

परस कमी होत गेलं ते हळूहळू. ले-आउटमधल्या प्लॉटवर घराभोवती थोडी माती उरायची; फ्लॅट स्कीम आल्या तशी ती पार्किंगखाली गेली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने शाळांमध्ये पोषण बागा लावण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि शहरातली भाजी गच्चीवर चढू लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या आहारात बटाटा वगळून रोज ४०० ग्रॅम भाजी आहे. एवढी सगळी कुंड्यांत पिकणार नाही, पण पालेभाजीचा आणि सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वाटा नक्की निघतो. आणि नागपुरात त्याच वाट्याला जास्त मोल आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कापलेल्या पाल्यातलं क जीवनसत्त्व उन्हात झपाट्याने उतरतं. बाजारातून दुपारी आणलेली जुडी आणि सकाळी तोडून लगेच फोडणीला पडलेली मूठभर पानं यांत फरक पडतो तो इथे.

कुंडीत नुसती काळी माती मात्र भरू नये. ती ओली असताना पाणी धरून बसते, सुकली की भेगाळते आणि मुळं तुटतात. निम्मं शेणखत आणि थोडी रेती घालावी, एप्रिलपासून वर हिरवी जाळी बांधावी. पाणी कुठलं घालतो, याचाही विचार हवा. कारखान्यांचं पाणी मिसळलेल्या सांडपाण्यावर पालेभाजी जोमाने वाढते, पण शिसं, कॅडमियमसारखे जड धातू पानांत साठू शकतात आणि कितीही धुतलं तरी ते निघत नाहीत.