कार्ताझ

सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात ये-जा करणाऱ्या आशियाई जहाजांना सक्तीने घ्यायला लावलेल्या लेखी परवान्याला ‘कार्ताझ’ म्हणतात. या शब्दाचा संबंध अरबीतील ‘किर्तास’ म्हणजे कागद या शब्दाशी जोडला जातो. आजच्या पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ ‘भित्तिपत्रक’ असा होतो. कागदाचा हा तुकडा जवळ नसलेले तारू पोर्तुगीजांच्या हाती लागले, तर माल जप्त होई, खलाशांना ठार केले जाई किंवा वल्ह्यांच्या गलबतांवर गुलाम म्हणून जुंपले जाई. परवाना घेणाऱ्याला संरक्षण मिळे हे खरे. पण ते मुख्यतः परवाना देणाऱ्यापासूनच मिळे, हे या पद्धतीचे वर्म आहे.

पोर्तुगीज येण्यापूर्वी हा समुद्र निर्वेध होता असे मानण्याचे कारण नाही. किनाऱ्यालगत चाचे होते, आणि अकराव्या शतकात राजेंद्र चोळाने श्रीविजयावर केलेल्या स्वारीसारख्या आरमारी मोहिमाही झाल्या होत्या. मात्र राजसत्ता जकात घेत ती बंदरात, मालावर. कालिकत, खंबायत, होर्मुझ, मलाक्का ही बंदरे भरभराटीला आली ती गुजराती, अरब, इराणी, तमिळ, चिनी अशा सर्व व्यापाऱ्यांना तेथे सारखीच मुभा असल्यामुळे. भर समुद्रातल्या वाटेवर मालकी सांगून तिच्या वापराचा परवाना विकणे हा प्रकार या व्यापाऱ्यांना नवा होता.

त्या मालकीचा दावा युरोपात आधीच तयार झाला होता. १४९४ च्या तोर्देसिल्यास तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी नव्याने सापडणारा प्रदेश आपसांत वाटून घेतला होता. १४९८ मध्ये वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतजवळ पोहोचला आणि तो परतल्यावर पोर्तुगालचा राजा मानुएल याने ‘इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांवरील विजय, नौकानयन आणि व्यापार यांचा स्वामी’ अशी पदवी धारण केली. प्रत्यक्षात त्या वेळी या चारही ठिकाणी त्याच्या ताब्यात एक किल्लाही नव्हता. पुढे जुवांव द बार्रुश या पोर्तुगीज इतिहासकाराने या दाव्याला सिद्धांताचे रूप दिले. समुद्रावर संचार करण्याचा सर्वांना समान हक्क आहे, हे तत्त्व युरोपातील ख्रिस्ती लोकांपुरते खरे. मुसलमान व इतरधर्मीय ख्रिस्ताच्या कायद्याबाहेर असल्याने त्यांना ते लागू पडत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता.

१५०२ मध्ये गामा दुसऱ्यांदा आला तेव्हा मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे एक जहाज त्याने बायका-मुलांसह जाळले. त्याच फेरीत कण्णूर, कोची यांसारख्या मित्रबंदरांच्या जहाजांना पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या सहीचे दाखले देण्याची सुरुवात झाली. म्हणजे शत्रूची जहाजे ओळखता यावीत म्हणून मित्रांना दिलेली खूण, असे कार्ताझचे पहिले रूप होते. १५०५ मध्ये पहिला विजरई (व्हाइसरॉय) फ्रान्सिस्कु द आल्मैदा आला. १५०८ च्या अखेरीस त्याने दाभोळ लुटून जाळले आणि १५०९ च्या फेब्रुवारीत दीवजवळ इजिप्त व गुजरात यांच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला. आफोन्सु द आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का आणि १५१५ मध्ये होर्मुझ घेतले. १५१३ मध्ये एडनवर केलेला हल्ला मात्र फसला. या ठाण्यांमुळे त्या खुणेचे रूपांतर महसुलाच्या यंत्रणेत झाले.

कार्ताझ गोव्याच्या विजरईच्या किंवा एखाद्या किल्ल्याच्या कप्तानाच्या सहीने निघे. त्यात जहाजाचे नाव व आकारमान, नाखुद्याचे (जहाजाच्या कप्तानाचे) नाव, बरोबरची शस्त्रे व माणसे, निघण्याचे आणि जाण्याचे बंदर यांची नोंद असे. मिरीसारखे मसाले आणि युद्धोपयोगी सामान नेण्यास सहसा बंदी असे. तुर्कांना जहाजावर घ्यायचे नाही, अशी अटही घातली जाई. कार्ताझची स्वतःची फी किरकोळ होती. खरी मेख पुढच्या अटीत होती: जाता-येता पोर्तुगीज ठाण्याच्या बंदरात थांबून तेथील जकात भरणे बंधनकारक होते. खंबायतच्या आखातातून निघालेल्या तारवाला दीवला, इराणच्या आखातात जाणाऱ्याला होर्मुझला वाट वाकडी करावी लागे. होर्मुझहून येणारे अरबी घोडे गोव्यात उतरवण्याची सक्तीही याच धोरणाचा भाग होती, कारण विजयनगर आणि आदिलशाही या दोघांनाही घोडे हवे असत आणि ते कोणाला द्यायचे हे मग गोव्यात ठरे. पुढे किनाऱ्याने जाणाऱ्या लहान गलबतांचे काफिले करून त्यांना पोर्तुगीज लढाऊ जहाजांची सोबत देण्याची प्रथा पडली. ही सोबत चाच्यांपासून बचाव करी, तशीच एकही गलबत जकात चुकवून निसटणार नाही याची खबरदारीही घेई.

इतक्या मोठ्या समुद्रावर नजर ठेवण्याइतकी जहाजे आणि माणसे पोर्तुगीजांकडे कधीच नव्हती. कागदाचा आधार घ्यावा लागला तो बहुधा यामुळेच, कारण मोजक्या जप्त्यांची दहशत बाकीच्यांना बंदरात आणून उभे करण्यास पुरत असे. लिस्बनहून मिळणारे पगार अपुरे आणि अनियमित असल्याने किल्ल्यांचे कप्तानही पैसे घेऊन डोळेझाक करत. सुमात्रातील आचे येथील मिरी मालदीवच्या वाटेने थेट तांबड्या समुद्रात जाऊ लागली आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला होणारा मसाल्यांचा पुरवठा पुन्हा सुरळीत झाला. ज्या व्यापाराची नाडी आवळण्यासाठी हा खटाटोप होता, तो आपल्या जुन्या वाटेवर परतला. मलबारात तर कालिकतच्या राजाचे, म्हणजे सामुद्रीचे, ‘कुंजाली मरक्कार’ ही पदवी धारण करणारे दर्यासारंग यांनी शतकभर या बंदीला शस्त्रानेच उत्तर दिले. चौथ्या कुंजालीला १६०० मध्ये गोव्यात देहदंड देण्यात आला.

किनाऱ्यावरील मोठ्या सत्तांनी मात्र बहुतेक वेळा कार्ताझ स्वीकारले. रेवदंड्याला १५२१ पासून पोर्तुगीज ठाणे होते, आणि निजामशाही व आदिलशाही यांच्या पोर्तुगीजांशी झालेल्या वाटाघाटींत सुलतानाच्या जहाजांना मोफत परवाने हे कलम महत्त्वाचे असे. जमीन-महसुलावर उभ्या असलेल्या या राज्यांना समुद्रासाठी लढाई परवडण्यासारखी नव्हती, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. ते बऱ्याच अंशी पटते, पण अपमानाची जाणीव त्यामुळे पुसली जात नाही. अकबराने १५७३ मध्ये गुजरात जिंकल्यावर मोगलांनाही हजच्या जहाजासाठी फिरंग्यांचा परवाना घ्यावा लागला. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तेव्हा परवान्याच्या घोळात तिला सुमारे वर्षभर सुरतेत थांबावे लागले. अकबराच्या दरबारातील इतिहासकार बदायुनी सांगतो की, कार्ताझवर मरियम व येशू यांची चित्रे असल्यामुळे तो जवळ बाळगून प्रवास करणे म्हणजे मूर्तिपूजेस मान्यता देणे होय, असे म्हणत मखदूम-उल्-मुल्क या दरबारी उलेमाने अशा परिस्थितीत हज बंधनकारक नाही असा फतवाच दिला होता.

१६१३ मध्ये पोर्तुगीजांनी जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ हे जहाज सुरतेजवळ पकडून गोव्याला नेले. जहाजावर कार्ताझ होता आणि शेकडो यात्रेकरूही होते. ज्या कागदाची सारी किंमत शब्द पाळण्यावर उभी होती, तो देणाऱ्यानेच असा निरर्थक ठरवला. जहांगीरने दमणला वेढा घातला आणि आग्र्याचे जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारकांचे चर्च बंद केले. आदल्याच वर्षी सुवाळीजवळ पोर्तुगीजांना हटवणाऱ्या इंग्रजांना दरबारात शिरकाव करण्यास ही घटना उपयोगी पडली.

युरोपातही या दाव्याला आव्हान मिळाले. डचांनी १६०३ मध्ये सिंगापूरजवळ ‘सांता कातारीना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले, आणि त्या वादातून डच कायदेपंडित ह्युगो ग्रोशियस याचा ‘मारे लिबेरुम’ (मुक्त समुद्र) हा ग्रंथ १६०९ मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्र कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही, हा त्यातील सिद्धांत पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया ठरला. तो मांडणाऱ्या डचांनीच आशियाई जहाजांना स्वतःचे परवाने घ्यायला लावले, याची नोंद कायद्याच्या इतिहासात सहसा तळटिपेपुरतीच येते. होर्मुझ १६२२ मध्ये, मलाक्का १६४१ मध्ये, मस्कत १६५० मध्ये आणि कोची १६६३ मध्ये हातची गेल्यावर कार्ताझचा दरारा ओसरला, तरी कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावर तो दिला जात राहिला.

याच किनाऱ्यावर अठराव्या शतकाच्या आरंभी सरखेल कान्होजी आंग्रे यांनी येथून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपले दस्तक घ्यावे असा दंडक घातला आणि दस्तक नसलेली जहाजे धरण्यास सुरुवात केली. हे हत्यार पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे वापरलेलेच होते; पण ते मराठ्यांच्या हाती गेल्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज कागदपत्रांत त्याला चाचेगिरी म्हटले गेले. इंग्रजी निशाण लावलेल्या खासगी व्यापाऱ्यांच्या जहाजांना दस्तकातून सूट आहे की नाही, यावरून मुंबईकर इंग्रजांशी त्यांचे खटके उडत राहिले. अखेर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर स्वारी केली. ती फसली आणि आंग्र्यांची दस्तके १७२९ मध्ये कान्होजींचा मृत्यू झाल्यानंतरही त्यांच्या वंशजांच्या नावाने चालू राहिली.